चादरी आहेत, जागा बघा

मंडळी, आज आपल्या ग्रुपच्या, बेघरांना वाटायच्या चादरी न वाटताच परत आल्या आणि मला चक्क बरं वाटलं.

सुमनताई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. घरमालकाला मूर्ती ठेवायला त्यांची खोली रिकामी हवी होती, आज संध्याकाळपर्यंत. मी सवयीने चादरी आणि शिधा घेऊन पोचले.

ताई म्हणाल्या, "चादरी हायत गो माझ्याकडं. त्या अंथरायला जागा बघ."

खरंच लाजले. माणूस स्टेशनवर झोपायला लागला की मगच आपण धावतो. मग तिथेच उंबऱ्यावर बसून ओळखीपाळखीत फोन लावत सुटले. शेवटी पेणच्या पुढच्या निडी गावातल्या एका काकूंची मागची खोली मोकळी निघाली. दुपारी टेम्पोत सामान चढलं. कामाला ताई रेल्वेने पेणला येतील.

नव्या खोलीत ताई घड्याळ हातात घेऊन उभ्याच. काकूंना त्यांनी दबकत विचारलं, "भिंतीत खिळा ठोकला तर चालंल?"

काकू म्हणाल्या, "ठोक की. घड्याळ काय हातात धरून बसनार हायस?"

तुमच्या आळीत कुणाची खोली कुलूप लावून पडली आहे? तेवढं कळवा. चादरी माझ्याकडे भरपूर आहेत.