दारफाळणीला उघडलेलं दार

आमच्या सणांची नावं आता माझ्या मुलालाही सांगावी लागतात. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण. तो इस्राएलमध्ये असतो, तिथे यांना दुसरी नावं आहेत. बाकीचे सण मला गोड आठवतात. दारफाळणी तेवढी नाही.

लहानपणी आम्ही खारी गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. आई, बाबा, धाकटे काका आणि मी. सगळ्या गावात इस्राएलांचं, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंचं, घर आमचं एकटंच. दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी अंघोळी करून पांढरे कपडे घालायचे, उजेड असतानाच नारळाच्या दुधातली कोंबडी आणि पुऱ्या खायच्या आणि दिवस बुडाला की दार लावायचं. मग दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत कडक उपास. बाहेरच्याशी बोलायचं नाही, कोणासाठी दार उघडायचं नाही. दिवसभर आम्ही सगळे एका खोलीत, हे मला फार आवडायचं.

मी चौथीत होते त्या वर्षी बाबा वेळेवर आले नाहीत. ते स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. त्यांचं ताट झाकून आई दारात उभी राहिली.

"वहिनी, दार लावा," काका म्हणाले.

"येतील आता."

"दिवस बुडायचा थांबतो का कोणासाठी?"

आईने दार नुसतं लोटलं. काकांनी उठून कडी घातली.

सकाळपर्यंत बाबा आले नाहीत. मी विचारलं तर आई म्हणाली, "गाळ्यातच झोपले असतील." काका प्रार्थना म्हणत होते.

दुपारी घरमालकीण दाराशी आली. तिला आमची रीत ठाऊक होती, म्हणून तिने दार वाजवलं नाही. बाहेरूनच म्हणाली, "तू बोलू नको, नुसती ऐक. तुजा घरवाला मिठागराच्या बांधावर बसलाय. अंग तव्यासारखं तापलंय. घरी चल म्हटलं तर म्हणतो, न्हाय, दार लागलंय. कालपासून तिथंच हाय."

म्हणजे बाबा आले होते. लागलेलं दार बघून, हाकही न मारता मागे फिरले होते.

आईने काकांकडे बघितलं.

"तारे दिसू देत," काका म्हणाले. "तो स्वतः रीत पाळतोय, तुम्ही कशाला मोडता?"

आई खाली बसली. भिंतीवरचं ऊन पार सरकून गेलं तेव्हा उठली आणि तिने कडी काढली. काकांनी तोंड फिरवलं.

ती आणि मालकीण बाबांना धरून घेऊन आल्या. उंबऱ्याशी बाबा थांबले. "उघडलंस?" एवढंच म्हणाले आणि बाहेरच बसले. तारे दिसेपर्यंत आत आले नाहीत. आई त्यांच्या शेजारी बसून कपाळावर ओला फडका ठेवत राहिली.

तो ताप छातीत उतरला. पुढच्या नव्याच्या सणाला बाबा नव्हते. आई गाळ्यात कामाला लागली, माझी शाळा सुटली. दार उघडलं म्हणून असं झालं, असं काका म्हणायचे आणि आईही शेवटपर्यंत तेच मानत राहिली. मला वाटतं, उशिरा उघडलं. हे ऐकून तिचं दुःख हलकं झालं असतं की दुप्पट, ते मला अजून कळत नाही. म्हणून बोलले नाही.

आता मी मीरा रोडला फ्लॅटमध्ये एकटी असते. इथलं दार ओढलं की आपोआप लॉक होतं. या वर्षी मुलगा फोनवर म्हणाला, "आई, दार लावून उपाशी बसू नकोस. काही झालं तर कळणार कोणाला?" म्हणून दारफाळणीला पायपुसणं दुमडून फटीत घातलं आणि दार लोटलं.

दुपारी समोरच्या गुजराती बेन डोकावल्या. "आंटी, दरवाजा खुला रह गया आपका."

त्या दिवशी बोलायचं नसतं. मी झोपले असेन असं वाटून त्यांनी पायपुसणं पायाने आत सारलं आणि दार ओढून घेतलं. लॉक लागल्याचा आवाज आला. काळजीनेच केलं त्यांनी.

मी उठले, लॉक फिरवलं आणि पायपुसणं परत फटीत घातलं.