वाऱ्याची बाजू

अंगणात धूळ उडाली की मी अजून आधी चुलीकडं बघतो.

त्या दिवशी घरासमोरच्या रस्त्यावर गॅसचा टँकर उलटून गळायला लागला. बंबवाले आले, पण लांबच थांबले. मला वाटलं, एवढे धट्टेकट्टे गडी आणि भितात! तेवढ्यात त्यातल्या एकानं मूठभर धूळ उचलून हळूहळू खाली सोडली. खळ्यावर धान्य उफणताना मीही जन्मभर वारा असाच बघितला. ती धूळ सरळ माझ्या दाराकडं वळली.

"आजोबा, वारा तुमच्याकडं आहे. निघा!"

"मी कुणाला भिऊन घर सोडलेलं नाही."

"घरात चूल पेटलीय का?"

मी तसाच घरात पळालो. आत आमची म्हातारी भाकरी भाजत होती. मी कळशी चुलीत उपडी केली, तिचा हात धरला आणि वारा आडवा घेत टेकाड गाठलं.

"लोक बघतायत. सोडा की हात," ती म्हणाली. मी कसला सोडतोय! आणखी घट्ट धरला.

खाली बंबवाले पाण्याचा फवारा धरून पुढं सरकत होते. उफणताना वारा पडला की मी त्याला हाका मारायचो, ये बाबा, ये. टेकाडावर बसून पहिल्यांदाच म्हणालो, थांब बाबा. आता नको येऊस.