मिरच्या आणि सेंट्रल एसी

मी एसीचा माणूस. माझ्या हातून लोकांचं जे काही नुकसान झालं ते बहुतेक थंड हवेतून झालं. धुरातून झालेलं हे एवढंच.

कुवेतची लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. तिथून जीव घेऊन निघालेल्या लोकांबरोबर काही मुलं आईबापांशिवायच बहरीनला येऊन पोचली होती. नातेवाईक सापडेपर्यंत त्यांना ठेवायला एका व्यापाऱ्याने रिफा भागातला आपला रिकामा व्हिला दिला. पाटीबिटी काही नव्हती. आम्ही त्याला नुसतं ‘घर’ म्हणायचो, कारण अनाथाश्रम म्हटलं की मुलांना सांभाळणारी मेट्रन रागवायची. आमच्या कंपनीकडे तिथल्या एसीचं काम होतं आणि मागच्या दोन खोल्या फुकट मिळत होत्या, म्हणून मी आणि बायको तिथेच राहायला गेलो. बायको स्वयंपाकघर बघायची. मी यंत्रं बघायचो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना सल्ले द्यायचो.

कुवेतच्या तेलविहिरी तेव्हा अजून जळत होत्या. वारा तिकडून आला की आमच्याकडे भर दुपारी दिवे लावायला लागायचे, आणि एसीचा फिल्टर काढला की तव्याच्या बुडासारखा काळा निघायचा. त्यावर मी उपाय केला. खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या, दारांना खालून रबर लावलं, जिथे जमलं नाही तिथे चंदेरी टेप मारली. घराचा खर्च चालवणारी ट्रस्टी मंडळी बघायला आली तेव्हा मी छाती काढून सांगितलं, “आता या घरात बाहेरून काही येत नाही.” आतून बाहेर काही जाईल का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मुलांमध्ये मूळ रत्नागिरीकडची दोन भावंडं होती. मुलगी अकरा-बारा वर्षांची, भाऊ चारेक वर्षांचा. आई आधीच वारलेली, वडील लढाईत नाहीसे झाले. कसे, ते मुलीने कोणाला सांगितलं नव्हतं. ती इंग्रजी शाळेतली. मी मराठीत काही विचारलं की “आय नो” नाहीतर “नॉट नाऊ” एवढंच. झोपताना ओढणीचं एक टोक भावाच्या मनगटाला बांधायची. मेट्रनने एकदा ती गाठ सोडली, तर दुसऱ्या दिवसापासून तिने दोन गाठी मारायला सुरुवात केली.

अशात त्यांचा मामा सापडला. कामाला अस्करला, राहायला अरादला. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं, खोल्या दोन, स्वतःच्या मुली चार. मुलाला नेतो, मुलीला गावी चुलतीकडे धाडू. शुक्रवारी नमाज झाली की येतो.

मामा बोलला मराठीत आणि मेट्रन केरळची, त्यामुळे हा निरोप मुलीला द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तो फार हुशारीने दिला. मामाचं घर कसं छोटं, गाव कसं सुंदर, विमानात खिडकीजवळची जागा मिळाली तर काय मजा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, मला नाही नेणार ना?”

मी म्हणालो, तसंच काही नाही.

“ओके,” ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून धाकटा जेवेना. नुसती किरकिर. बायको म्हणाली, “पोराला दृष्ट लागलीय.”

“कोणाची लागणार? इथे येतंय कोण?”

“तुमचीच असेल. शुक्रवारी दृष्ट काढायची. मामाला रडकं पोर दिसलं तर तो उचलून चालू लागेल. हसतं-खेळतं दिसलं तर जरा टेकेल. टेकला की मी बिर्याणी वाढते. खाताना माणूस ऐकून घेतो. तेव्हा बोलू, दोघांना न्या म्हणून.”

बेत चांगला होता. त्यात माझं काम नव्हतं तोवर तर उत्तमच होता. शुक्रवारी मेट्रन चर्चला गेलेली (तिकडे सुटी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच) आणि बायको बिर्याणीच्या पातेल्याशी अडकलेली. आतूनच म्हणाली, “मीठ, मोहरी, पाच मिरच्या. उतरवा आणि निखाऱ्यावर टाका. तेवढं जमेल ना?”

निखारा कुठला आणायचा? शेगडी विजेची. मग आठवलं, दिवाणखान्यात ऊद जाळायचं पितळी धुपाटणं होतं, पाहुणा येणार म्हणून पेटवून ठेवलेलं. मिरच्या मनामाच्या बाजारातल्या. रंगाला चांगल्या, पण दम नसेल अशी मला शंका आली, म्हणून मूठभर घेतल्या. धाकट्यावरून उतरवताना “आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची” एवढं म्हटलं. पुढचं आठवेना, तेव्हा ट्रस्टींची, मेट्रनची अशी एकेकाची दृष्ट काढत गेलो. मूठ निखाऱ्यावर टाकली आणि धूर मुलाच्या डोळ्यात नको म्हणून धुपाटणं कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याच्या बरोबर वर एसीची परतीची जाळी होती, घरातली हवा ओढून घेऊन सगळ्या खोल्यांना परत वाटणारी. ती मीच बसवली होती. ओढ फार सुरेख होती.

तेवढ्यात मामा आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत लहान मुलाच्या मापाचे नवे कपडे. एकच जोड.

“पोरगा तयार हाय ना, इंजिनियरसाहेब? मला परत शिफ्टला जायचंय.” मग नाक वर करून हुंगलं. “ह्यो ऊद कुठला वो?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि ठसका लागला. मामालाही लागला. वरच्या खोलीत कोणीतरी खोकलं, मग शेजारच्या खोलीत, मग सगळीकडे. जिन्यावरून एका मुलाचा आवाज आला, “गॅस.”

कोणी किंचाळलं नाही. मी आधी गोंधळाची तयारी केली होती, पण गोंधळ झालाच नाही; लढाईत विषारी गॅस येईल म्हणून या मुलांच्या घरोघरी तालीम झालेली होती. दारं उघडली आणि मुलं टॉवेल घेऊन खाली यायला लागली, मोठ्यांनी लहानांचे हात धरलेले. पुढे ती मुलगी. खालच्या मोठ्या बाथरूममध्ये तिने नळ सोडला, टॉवेल भिजवून एकेकाच्या तोंडावर दिले, लहानांना भिंतीकडे बसवलं. मामा बाहेरच्या दाराकडे धावत होता. तिने त्याची बाही धरली.

“बाहेर नाही जायचं. बाहेर जास्त असतो.”

तो तिच्या मागून आला. मीही आलो.

“अगं, मिरच्या आहेत त्या,” मी म्हणालो. “मीच—”

“तोंड झाका, काका. बोलू नका. टेप आहे?”

टेप माझ्या खिशात कायमच असते. आणि मग, धूर कशाचा आहे हे अख्ख्या घरात ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याने बाथरूमचं दार आतून टेपने बंद केलं. नीट, बुडबुडे न ठेवता.

टबाच्या काठावर मामा ओला टॉवेल धरून बसला होता. त्याने विचारलं, “कोणी शिकवलं तुला ह्ये?”

“अब्बांनी.”

जरा वेळाने तो उठला. “मी बघून येतो, संपलं का.”

तिने पुन्हा त्याची बाही धरली, या वेळी दोन्ही हातांनी. “अब्बा पण बघायलाच गेले होते,” ती म्हणाली. “तुम्ही बसा, मामू.”

मामू बसला. नंतर कोणीच उठलं नाही.

मग बाहेरून दार वाजलं. “अहो,” बायको खोकत ओरडत होती, “पाच सांगितल्या होत्या ना? विझवलंय मी सगळं. खिडक्या कशा उघडतात तुमच्या?”

उघडत नव्हत्या. त्या मी बुजवल्या होत्या. तिने पोळपाटाने एक काच फोडली, तेव्हा कुठे हवा हलली. मुलीने तरी आणखी थोडा वेळ कोणाला हलू दिलं नाही.

बिर्याणी सगळ्यांनी लाल डोळ्यांनी खाल्ली. धाकट्यानेही खाल्ली, ताईच्या ताटातून. बायकोने जे बोलायचं ठरवलं होतं ते ती बोललीच नाही. मामा बराच वेळ शितं चिवडत होता. शेवटी भाचीकडे न बघताच म्हणाला, “माझ्या घरची मोरी लहान हाय. आमी सहा जणं कशीबशी मावतो.”

“आय नो,” ती म्हणाली.

“दाटीनं आठ मावतील. पर कोणी कुठं बसायचं ते तू सांगायचं.”

ती ताट ठेवून उठली आणि आपले कपडे भरायला गेली.

दोघं भावंडं मामाच्या गाडीत बसताना मी बायकोला हळूच म्हणालो, “लागू पडली की नाही दृष्ट?”

“डोंबल,” ती म्हणाली. “दृष्ट असती तर मिरच्यांना वास आला नसता. एवढा ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच.”

म्हणजे सगळा धूर फुकट. मी हे मनात घोळवत उभा असताना गाडीची काच खाली झाली आणि मुलीने हात बाहेर काढला.

“काका, टेप.”

मी खिशातला रोल तिला दिला. तिने तो किती उरलाय ते उलटसुलट करून बघितलं, भावाच्या मांडीवर ठेवला आणि काच वर केली. फोडलेल्या खिडकीला त्या संध्याकाळी मला पुठ्ठा लावायचा होता. तो मी खिळ्यांनी ठोकला.