अकरा बिया आणि एक ट्यूब

बायको गेली तेव्हा मागे दोन गोष्टी राहिल्या. एक मी, आणि दुसरी, वर्तमानपत्राच्या तुकड्याला चिकटलेल्या टोमॅटोच्या अकरा बिया. पहिल्या गोष्टीचं काय करायचं ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

हा टोमॅटो तिच्या माहेरचा. चपटा, घड्या पडलेला, आंबटढाण. दरवर्षी ती एक फळ झाडावरच पिकू द्यायची, बिया कागदावर वाळवायची आणि पुढल्या साली लावायची. "मंडईतले टोमॅटो संपलेत का?" असं मी दरवर्षी विचारायचो. ती त्याच टोमॅटोचं सार वाढायची. शेवटचं वर्ष दवाखान्यात गेलं, लावायचं राहून गेलं. म्हणजे या अकरा मेल्या की तो टोमॅटो संपला.

धायरीतल्या आमच्या गॅलरीत पूर्वी ऊन यायचं. समोर चौदा मजले उठले आणि ऊन त्यांच्या मालकीचं झालं. म्हणून जिथे तिची कॉट होती त्या कोपऱ्यात ट्रे ठेवला आणि भिंतीवरची ट्यूब लावली. मी चौथी पास, पण जन्मभर लेथ चालवलेला माणूस. रोपं वाढवायला काय अक्कल लागते?

सहा बिया पेरल्या. आठवड्यात उगवल्या आणि दोऱ्यासारख्या सरळ वर निघाल्या. मी इतका खूश, की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना बोलावून दाखवल्या.

ते म्हणाले, "अहो, टोमॅटो मंडईत मिळतात."

"बरं झालं सांगितलंत. मी आजवर औषधाच्या दुकानात विचारत होतो."

दोन दिवसांत सहाच्या सहा माना टाकून आडव्या झाल्या.

मुलगी कोथरूडला असते. फोनवर म्हणाली, "बाबा, उजेड लांब होता, म्हणून रोपं त्याच्याकडे धावली. ट्यूब खाली घ्या, वीतभर अंतरावर." मेल्यावर कारण सगळ्यांनाच माहीत असतं.

उरल्या पाच. त्या पेरल्या. कपडे वाळवायच्या स्टँडला ट्यूब बांधली, रोपं वाढतील तशी दोरी वर ओढायची. या खेपेला देठ जाड आले, पण पानं पिवळी पडून मुडपायला लागली. पाणी कमी केलं, वाढवलं. चार शिव्याही घातल्या. उपयोग शून्य.

रविवारी मुलगी आली. ट्रेजवळ बसून तिनं पानं उलटीपालटी करून पाहिली.

"लाईट बंद कधी करता?"

"बंद कशाला करायचा? त्यांना उजेड हवाय ना?"

"म्हणजे तीन आठवडे दिवसरात्र चालू आहे? अहो बाबा, झाडांनाही अंधार लागतो. झोपू तरी द्या त्यांना."

याच कोपऱ्यात, बायको गेल्यावर, तेराव्यापर्यंत दिवा होता. तो विझू द्यायचा नसतो. तेल संपत आलं की मी घालायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेरावा झाल्यावर सगळे म्हणाले, आता काढा. काढला. पण त्या जागी पेटवलेलं पुन्हा विझवायचं माझ्या हाताला जमेना, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

मुलगी बटणाकडे गेली.

"थांब," म्हटलं. "मी करतो."

दिवसाढवळ्या कोपरा काळा झाला. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसली. बापाकडे पाहू नये एवढी समज आईनं दिलेली आहे.

आता रोज सकाळी उठल्यावर ट्यूब लावतो, रात्री जेवण झालं की बंद करतो. दोन रोपं गेलीच. तीन हिरवी झाली. हात फिरवला की बोटांना तोच उग्र वास राहतो, जो तिच्या बोटांना असायचा. पोळ्यांनाही लागायचा, तेव्हा मी कुरकुरायचो.

काल खालचे गृहस्थ येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "एखादं रोप आम्हाला मिळेल का?"

"मंडईत बघा की."

चेहरा एवढासा झाला, तेव्हा सांगितलं, "यंदा नाही. पहिली फळं बियांना. पुढल्या वर्षी या, कागद घेऊन या."