पंधरा हजारांची बोट

काठावरून फिरायला निघालेल्या माणसानं थांबून "बोट ठेवायला खर्च फार येत असेल, नाही?" असं विचारलं, की आमच्या कालव्यावर बोटीत राहणारं कोणी खरं सांगत नाही. खरं सांगितलं तर तोच माणूस दोन महिन्यांत स्वतःची बोट घेऊन हजर होतो आणि तुमच्या नेहमीच्या जागेवर दोर बांधून वर तुम्हालाच गुड मॉर्निंग म्हणतो. आधीच स्किप्टन गावाला बोट लावायला वीतभर जागा मिळत नाही. म्हणून विचारणाऱ्याला घाबरवून घरी पाठवायचं, ही इथली रीत. कोणी ती शिकवत नाही, पण सगळ्यांना येते.

मॅविस थॉर्नबर या कलेत सगळ्यांच्या चार पावलं पुढे होती. तीस वर्षं कीथलीच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं रोज चारशे पोरांना जेवू घातलं होतं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि चेहरा असा की समोरच्याला खोटं बोलल्याचा संशय येऊ नये. नवरा गेल्यावर तिनं घर विकलं, मुलीला तिचा वाटा दिला आणि उरलेल्या पैशांत पंचेचाळीस फुटी, निळी, जुनी बोट घेतली. बोटीचं नाव 'पीविट', म्हणजे आपली टिटवी. मुलगी म्हणाली, "आई, तुला वेड लागलंय." मॅविस म्हणाली, "लागू दे, आता कुणाला डबा द्यायचाय मला?" या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

खरा खर्च सांगायचा तर असा. परवाना, विमा, चार वर्षांतून एकदा सुरक्षेची तपासणी, तीन वर्षांतून एकदा बोट कोरड्यात काढून तळाला डांबर. ते डांबर मॅविस स्वतः लावायची, जुना अंगरखा घालून, केसांना फडकं बांधून. डिझेल थोडं, गॅसची टाकी दोन महिन्यांनी, आणि थंडीत शेगडीला कोळसा. पाणी काठावरच्या नळाला फुकट. संडासाची पेटी दर चार दिवसांनी स्वतः उचलून ओतून यायची, तेही फुकट, फक्त नाक आपलं. बोट बांधायला कायमचा घाट भाड्यानं घेतला तर वर्षाला आणखी दोन-अडीच हजार, म्हणून मॅविसनं तो घेतला नव्हता. घाट नसलेल्या बोटीला एका जागी चौदा दिवसांच्या वर थांबता येत नाही, पुढे सरकावं लागतं. सरकायला तिची ना नव्हती. सगळं मिळून वर्षाला पाच हजार पौंडांत ती राणीसारखी राहायची.

गेल्या मार्चमध्ये ती गारग्रेव्हला लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून बोट वरच्या पातळीला चढवणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदापाशी, ग्रीसनं माखलेले हात पुसत उभी होती, तेव्हा एक उंच, पाठीत किंचित वाकलेला माणूस जवळ आला. कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश, हातात पोर्क पायची, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्रीची, कागदी पिशवी.

"खर्च फार येत असेल, नाही?" त्यानं विचारलं.

मॅविसनं मनात बाह्या सरसावल्या.

"खर्च? अहो, पांढरा हत्ती परवडला! वर्षाला पंधरा हजार कुठे जातात कळत नाही. तळाला वर्षातून दोनदा डांबर, नाहीतर चाळणी होते. थंडीत दिवसाला एक पिशवी कोळसा खाते ही सटवी. इंजिन तर दर महिन्याला काहीतरी मागतंच. पेन्शन हातात येते ती फक्त मोजायला."

एवढं ऐकून लोक "अरेरे" म्हणतात आणि जातात. हा गेला नाही. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी थंडीत भिजलेल्या मांजराकडे पाहतं, आणि पिशवीतली अर्धी पाय तिच्यासमोर धरली.

"खाऊन घ्या," तो म्हणाला. "आज काही खाल्लंय का तुम्ही?"

मॅविसनं सकाळीच दोन अंडी, बेकन आणि तीन टोस्ट हाणले होते. तरी तिनं पाय घेतली. का घेतली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्याचं नाव क्लिफ डग्डेल. बार्नल्ड्सविकला भाड्याच्या घरात एकटा राहायचा, लग्न करायचं राहूनच गेलं होतं. एकतीस वर्षं बस चालवली, तीही एकाच रस्त्यावर. आता म्हाताऱ्यांना मिळणारा बसचा फुकट पास खिशात होता आणि जायला ठिकाण नव्हतं. ते ठिकाण त्याला सापडलं. बोट चौदा दिवसांनी सरकायची आणि क्लिफ बरोबर पत्ता काढून हजर व्हायचा. स्किप्टन, किल्डविक, सिल्सडन, पार बिंगलीपर्यंत. दोन-दोन बस बदलून यायचा, चहा प्यायचा, वायपर दुरुस्त करावेत तशा निगुतीनं तिची खिडक्यांची बिजागरं दुरुस्त करायचा आणि शेवटच्या बसच्या आधी निघायचा. मे महिन्यात दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागली. जूनमध्ये मॅविसनं नवीन पडदे शिवले. तिची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू गुणगुणतेयस." मॅविसनं फोन ठेवून दिला.

सगळं गोड होतं. एकच अडचण होती, कोळसा.

दुसऱ्याच भेटीला क्लिफ बाजारहाटाची चाकांची पिशवी ओढत आला होता. आत दहा किलो कोळसा. "दिवसाला एक लागते म्हणालात ना," तो म्हणाला. "एक दिवस तरी निभेल." मॅविसला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यानं ते ओझं दोन बसमधून आणलं होतं, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर अशी खुशी की तिची जीभच उचलली नाही. पुढच्या आठवड्याला पुन्हा पिशवी. मग पुन्हा. भर जुलैत, लोक काठावर आइस्क्रीम खात असताना, क्लिफ कोळसा ओढत यायचा. "हिवाळ्याची बेगमी," म्हणायचा. मॅविस पिशव्या बोटीच्या छपरावर रचायची. ऑगस्टअखेर ढीग एवढा झाला की मागे उभं राहून बोट हाकताना तिला टाचा उंचावून पुढचं पाहावं लागे.

कोळशाची बोट घेऊन गावोगाव विकत फिरणारी टेस ही मॅविसची जुनी मैत्रीण. ती शेजारी बोट लावून छपराकडे बघत राहिली.

"अगं, दुकान टाकतेयस का माझ्या पोटावर पाय द्यायला?"

"क्लिफ आणतो."

"कशाला?"

मॅविसनं सांगितलं. टेस इतकी हसली की तिची बोट डुलायला लागली.

"म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाला तूच थापा मारून पळवलंस! आणि गिऱ्हाईक कोण, तर तूच! अगं, सांगून टाक त्याला."

"काय सांगू? की सहा महिने तू हमाली केलीस ती माझ्या थापेपायी?"

"आज सहा महिने आहेत, उद्या सात होतील. माझा तर धंदाच बसला."

ऑक्टोबर लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून गारग्रेव्हच्या वरची लॉक दुरुस्तीसाठी बंद होणार अशी पाटी लागली. एकदा बंद झाली की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोण कुठल्या बाजूला अडकेल ते अडकेल. क्लिफचं गाव वरच्या बाजूला, मॅविस खालच्या बाजूला किल्डविकला. हिवाळ्यात बसही कमी. मॅविसनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, चहा ओतता ओतता, सरळ विचारलं.

"क्लिफ, राहायला येतोस का बोटीवर? हिवाळाभर. आणि जमलं तर पुढेही."

क्लिफनं कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. 

"वर्षाला पंधरा हजार म्हणालीस ना तू?"

खरं सांगायची हीच वेळ होती. दार सताड उघडं होतं, फक्त आत शिरायचं होतं. पण छपरावरच्या अठ्ठावीस पिशव्या मॅविसच्या छातीवर बसल्या होत्या.

"हो," ती म्हणाली. "साधारण."

"मला जरा बघू दे," क्लिफ म्हणाला, कोट घातला आणि गेला.

दहा दिवस तो आला नाही. फोन लावावा तर तो नेहमीसारखा बंद, कारण क्लिफचं मत होतं की चालू ठेवला की फोन झिजतो. मॅविसला जेवण जाईना. पाच हजारांची बोट पंधरा हजारांची करून तिनं आपल्याच हातानं माणूस घालवला होता. चांगला माणूस, बिजागरं दुरुस्त करणारा, अर्धी पाय देणारा. तिला स्वतःच्या खणखणीत आवाजाचा राग आला. करावे तसे भरावे, असं ती स्वतःला म्हणाली, आणि मग म्हणाली, भरायचं तर भरू, पण त्याच्या तोंडावर सांगून भरू.

शनिवारी सकाळी तिनं दोर सोडले. बार्नल्ड्सविकपर्यंत पंधरा लॉक, दिवस दोन, माणूस एक. सोमवारच्या आत वर पोचायचं, त्याच्या दारात जायचं आणि खरं काय ते सांगायचं. मग तो हाकलून देईना का! हिवाळाभर त्याच्याच गावात, त्याच्या रागासमोर बसायची तिची तयारी होती. स्किप्टन मागे टाकून दुपारी ती गारग्रेव्हला पोचली. पहिलं लॉक चढली. दुसऱ्या लॉकमध्ये बोट घातली, शिडीनं दोर घेऊन वर आली, दारं ढकलून लावली आणि हँडल फिरवून पाणी सोडलं. बोट हळूहळू वर येऊ लागली.

हे लॉक रस्त्याला लागून आहे. स्किप्टनकडे निघालेली बस पुलावर आली आणि करकचून थांबली, थांबा नसताना. बसमधून कोणीतरी ओरडत होतं. अठ्ठावीस पिशव्या डोक्यावर घेतलेली बोट सगळ्या कालव्यावर एकच होती, खिडकीतून ती दिसायला वेळ लागत नाही. आणि ड्रायव्हर क्लिफच्याच हाताखाली शिकलेला, त्यानं ब्रेक मारला.

क्लिफ उतरला. एका हातात सुटकेस. दुसऱ्या हातात चाकांची पिशवी.

"तू इथे कशी?" तो धापा टाकत म्हणाला. "मी किल्डविकला निघालो होतो."

"मी तुझ्याकडे निघाले होते. क्लिफ, मला तुला एक–"

"थांब, आधी मला बोलू दे, पाठ केलंय मी." त्यानं सुटकेस खाली ठेवली. "बँकेत पंचेचाळीस हजार आहेत. ठेव मोडायला दहा दिवस लागले, तिथल्या बाईनं तीनदा फॉर्म भरायला लावला. पंधरा हजारांनी तीन वर्षं. घरमालकाला नोटीस दिली. बोटीचा सगळा खर्च माझा. अकरा वर्षं तू एकटीनं ओढलंस, आता पुरे."



"आणि तीन वर्षांनी?" मॅविस म्हणाली.

"तीन वर्षांनी पैसे संपतील," क्लिफ म्हणाला. "मग काय करायचं ते काही मला सुचलं नाही. पण तीन वर्षं तर होतील ना, मॅविस? मी खूप विचार केला. तीन वर्षं मला पुष्कळ वाटली."

मॅविस लॉकच्या दाराच्या लांब दांड्यावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मागे एक बोट लॉकसाठी थांबली होती, तिनं भोंगा वाजवला. मॅविसनं रडता रडताच त्यांना ओरडून सांगितलं की गप्प बसा.

"पंधरा नाही," ती म्हणाली. "पाच. पाच हजार. मी थाप मारली होती. आम्ही सगळ्यांनाच मारतो. तू निघून जाशील म्हणून मारली होती, आणि तू गेला नाहीस."

क्लिफनं एकेक गोष्ट मोजायला घेतली.

"दिवसाला एक पिशवी कोळसा?"

"कडाक्याच्या थंडीत चार दिवसांना एक."

"डांबर वर्षातून दोनदा?"

"तीन वर्षांतून एकदा. मीच लावते."

"आणि इंजिन?"

"इंजिनानं बिचाऱ्यानं कधी काही मागितलं नाही."

क्लिफनं छपराकडे पाहिलं. मग हातातल्या चाकांच्या पिशवीकडे. मग रस्त्याकडे, जिथे बस अजून उभी होती आणि सगळे उतारू काचेला नाक लावून बघत होते. त्याचा चेहरा गंभीर झाला. एकतीस वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस तो. त्याला फसवलं होतं तिनं. तो आता सुटकेस उचलेल आणि बसमध्ये बसेल, असं तिला स्वच्छ दिसलं.

"म्हणजे तीन नाही," क्लिफ सावकाश म्हणाला. "नऊ वर्षं."

"हो."

"मॅविस, मी तीन वर्षांची तयारी करून आलो होतो. नऊ वर्षं तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे मला परत एकदा विचार करायला हवा."

आणि त्याचे खांदे हलायला लागले. मॅविसला आधी वाटलं तोही रडतोय. मग त्याचं हसू फुटलं, मोठं, बसमधल्या लोकांनाही ऐकू जाईल असं, आणि तिनं डोळे पुसत त्याला हातातल्या हँडलनं मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

बोट केव्हाच वर आली होती. क्लिफनं ड्रायव्हरला हात केला, जा म्हणून. सुटकेस उचलून तो पीविटवर चढला, आणि छपरावर जागा नाही असं पाहून एकोणतिसावी पिशवी घेऊन सरळ आत गेला.