शोभाबाईचा कुलूपबंद डबा

खजुरीच्या शोभाबाईला कुणी काही विचारायच्या आधीच उत्तर द्यायची सवय होती. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण आवाज असा की तुरीच्या रानात या टोकाला तिनं हाक मारली की त्या टोकाची बाई दचकायची. चौदा बायांची टोळी तिच्या हाताखाली. कुणाच्या रानात कधी जायचं, भाकरी कधी सोडायची, कुणी कुणाशी भांडायचं, सगळं तीच ठरवी. नवरा नरसिंग यानंही लग्नानंतर काही ठरवायचं सोडून दिलं होतं, त्यामुळं त्यांचा संसार सुखाचा झाला.

तिच्या डोक्यात औषधाच्या डब्याचं खूळ शिरलं ते टोळीतल्या लक्ष्मम्माच्या अंगठ्यामुळं. तीन वर्षांपूर्वी रानात लक्ष्मम्माला विळा लागला आणि तिथं हजर असलेल्या प्रत्येकानं आपापली विद्या चालवली. एकीनं तंबाखू दाबली, दुसरीनं हळद, आणि ट्रॅक्टरवाल्यानं वरून ग्रीस थापलं. "लोखंडाला चालतंय, मानसाला कामून चालंना?" असं त्याचं म्हणणं. अंगठा वांग्याएवढा सुजला. महिनाभर लक्ष्मम्मा तो नेत्यासारखा वर धरून हिंडायची.

शोभाबाईनं बिस्किटाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा घेतला आणि भरायला सुरुवात केली. कुणाकडून डोक्याचा बाम, कुणाकडून उरलेलं खोकल्याचं औषध, कुणाकडून बैलाच्या खांद्याला लावायचं मलम. आळंदच्या बाजारात एकानं विष ओढणारा खडा विकला, तोही आत गेला. झाकण बसेना तेव्हा ती त्याच्यावर बसून लावायची.

तिची लेक प्रियंका कलबुर्गीला एका दवाखान्यात नर्स. ती सुट्टीला आली, डबा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"आई, ह्या गुलाबी गोळ्या कशाच्या?"

"गुलाबी असत्यात त्या."

"आजार कोनता पन?"

"तेवढं त्या गोळ्यास्नी ठावं असंल की."

प्रियंकानं अंगणात सगळं ओतलं. मुदत संपलेलं उकिरड्याच्या खड्ड्यात, बैलाचं मलम बैलाकडं, आणि खडा तिनं सरळ कोंबड्यावर फेकून मारला. दुसऱ्या दिवशी मायलेकी आळंदच्या औषधाच्या दुकानात गेल्या. रक्त दाबून धरायला जाळीचं स्वच्छ कापड, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, चिकटपट्टी, जंतू मारायचं मलम, काटा काढायला चिमटा, कात्री, रबरी हातमोजे, साबणाची वडी, उन्हानं गळून गेल्यावर पाण्यात कालवून द्यायच्या ओआरएसच्या पुड्या, हात गळ्यात अडकवायला तिकोनी फडकं, आणि रानात कुणी हरवलं तर फुंकायला शिट्टी. कशाचं काय करायचं ते आईकडून घोकून घेऊन प्रियंकानं झाकणाच्या आत कागद चिकटवला. वर रुग्णवाहिकेचा एकशेआठ, खाली स्वतःचा नंबर.

डबा आता खरोखरच कामाचा झाला, आणि तिथंच घोळ झाला. बाया टाचेच्या भेगांना चिकटपट्टी लावायला लागल्या. नागम्मानं तिकोनी फडक्यात भाकरी बांधून आणली. शोभाबाईनं मग डब्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली परकराच्या नाडीला बांधली. त्या दिवसापासून कुणाला काटा जरी मोडला तरी ती स्वतः यायची, सगळ्यांकडं पाठ करून डबा उघडायची, हवं ते काढून पुन्हा बंद करायची. पुजारी गाभाऱ्याचं दार असंच लावतो.

जानेवारीत वीरण्णाच्या रानात तूर कापायचं काम चाललं होतं. वीरण्णा म्हणजे गावातला बरा शेतकरी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडात सदा गोड बोलणं. कापलेल्या तुरीचे खुंट जमिनीतून वीतभर वर उभे राहतात, आणि विळ्याचा तिरपा घाव बसला असला की खिळ्यासारखे टोकदार. नागम्मा त्यातून रबरी चपलेनं भराभरा चालत होती. शोभाबाईनं ते पाहिलं आणि तिला धडा द्यायचं ठरवलं.

"डोळं कुटं गहान ठिवलीस गं? खाली बघून चालावं. हे बघ, असं!" असं म्हणत ती नागम्माकडं तोंड करून मागं मागं चालायला लागली. चार पावलं गेली, पाचव्याला पाय ढेकळावरून सरकला आणि ती धपकन बसली.

बाया विळे टाकून धावल्या. मग तिनं अशी आरोळी ठोकली की बांधावर फोनवर बोलणारा वीरण्णा फोन टाकून पळत आला.

"काय झालं, शोभाक्का?"

"अण्णा, तिकडं तोंड करा!"

"पन झालं काय?"

"तूर झाली! तिकडं बघा म्हनलं न्हवं!"

बायांनी साड्यांचा आडोसा धरला. तिला पालथी वळवली तेव्हा कळलं. खुंट जमिनीतून मोडून उजव्या कुल्ल्यात घुसला होता आणि त्याचा दोन बोटं तुकडा बाहेर राहिला होता.

"डबा आन!" लक्ष्मम्मा ओरडली. डबा आला. कुलूप तसंच.

"किल्ली?"

"नाडीला."

नाडीची गाठ अंगाखाली गेलेली. लक्ष्मम्मानं हात घातला तर शोभाबाई रडता रडता गुदगुल्यांनी हसायला लागली आणि हसलं की खुंट टोचायचा. शेवटी नागम्मानं धोंडा उचलला.

"कुलूप नवं हाय गं!" शोभाबाई कळवळली.

"तुज्या ढुंगनापरीस कुलूप नवं हाय, ठावं हाय मला," लक्ष्मम्मा म्हणाली आणि नागम्मानं एका घावात कुलूप उडवलं.

पण पुढं काय? चौदा बायांनी डब्यात वाकून पाहिलं. कुठलं काय ते एकीलाही ठाऊक नव्हतं. लक्ष्मम्मानं हातमोजे चढवले तर एकाच बोटात दोन बोटं. तसंच तिनं चिमटा उचलला आणि खुंटाला लावला.

"उपटू नगं!" शोभाबाई किंचाळली. "आत शिरल्यालं काडूक वढायचं न्हाई. तेनंच रगत धरून ठिवलंय. डॉक्टर काढंल."

"मग मी काय करू?"

"जाळीचं कापड घे. त्ये न्हाई, ती पट्टी हाय! त्ये बी न्हाई, त्यो साबन!"

तोंड मातीत, मागं काय चाललंय ते दिसेना, आणि कुणाला जाळीचं कापड ओळखता येईना. शोभाबाईला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं डबा काखेत घेऊन मिरवला, पण आतलं एका बाईला धड दाखवलं नव्हतं.

ती दम खाऊन, एकेक वस्तू रंगानं आणि आकारानं सांगायला लागली. लक्ष्मम्मानं खुंटाभोवती कापड दाबलं, दोन्ही बाजूंना पट्टीच्या दोन गुंडाळ्या ठेवल्या आणि खुंट हलणार नाही अशी चिकटपट्टी मारली. रक्त थांबत आलं.

वीरण्णानं पिकअप आणली. तुरीच्या रिकाम्या पोत्यांवर शोभाबाईला पालथी निजवली, उशाला लक्ष्मम्मा बसली. आळंदच्या रस्त्यात खड्डा आला की शोभाबाई वीरण्णाच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करी आणि तो बिचारा पुढून "शरणु, शरणु" म्हणत माफी मागे आणि गाडी आणखी हळू चालवी. आळंद येईस्तोवर त्याच्या सात पिढ्या झाल्या होत्या.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं खुंट काढला, जखम धुतली, टाके घातले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मुद्दाम डाव्या बाजूला दिलं. मग विचारलं, "ही पट्टी कुणी बांधली? छान बांधलीय."

लक्ष्मम्मानं मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

आठ दिवस शोभाबाई पोटावर निजून होती. प्रियंका आली, आधी पोटभर हसली आणि मग चिडली. "डबा कुनासाठी होता गं आई? बायांसाठी का कुलपासाठी?" एरवी विचारायच्या आत उत्तर देणाऱ्या शोभाबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं.

कामावर परत आली त्या दिवशी दुपारी भाकरी झाल्यावर तिनं लिंबाखाली सगळ्यांना बसवलं. स्वतः उभीच राहिली, कारण बसणं अजून जमत नव्हतं. डबा मधोमध उघडा ठेवला. प्रत्येकीनं एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगायचं, काम सांगायचं. लक्ष्मम्मानं आता पाची बोटं पाची बोटांत घालून दाखवली आणि सगळ्यांकडून शाबासकी उकळली.

"आता सांग, नागम्मा," शोभाबाई म्हणाली. "रानात साप चावला तर पयलं काय करायचं?"

"पयलं पळायचं."

"कुनी?"

"सापानं, आनि कुनी?"

हसून हसून बायांचा ठसका थांबेना. बांधावर उभा असलेला वीरण्णाही तोंड फिरवून हसला.

"चावल्याल्या बाईनं अजाबात पळायचं न्हाई," शोभाबाईनं आवाज चढवला. "तिला निजवायचं, हलू द्यायचं न्हाई. घट्ट बांधायचं न्हाई, कापायचं न्हाई, तोंडानं वढायचं न्हाई. गाडी बोलवायची आन् सरळ दवाखाना. कळलं का?"

"कळलं," नागम्मा म्हणाली. "पन शोभाक्का, साप गाडीत बसला तर?"

शोभाबाईनं शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली. बाया विळे उचलून, खाली बघत, तुरीच्या ओळीकडं निघाल्या.