गल्लीभर झालेली गुप्त चौकशी

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका मुलीची नोकरी होती आणि तिच्या औषधाच्या गोळ्या होत्या.

मुलगी निपाणीजवळच्या शेतकरी घरातली. केंद्राच्या संरक्षण खात्यात तिची निवड झाली होती, पण आमच्या ठाण्याचा पडताळणी अहवाल गेल्याशिवाय तिला रुजू करून घेणार नव्हते. गुन्हा नाही, तक्रार नाही, वर्तणूक चांगली. सरळ काम होतं. तेवढ्यात ठाण्यात निनावी फोन आला, "त्या पोरीच्या डोक्यात बिघाड हाय. औषधं चालू हायत. सरकारला फसवाय लागलीय."

वरिष्ठांनी शेरा मारला : आजाराची गुप्त चौकशी करा. मी कोर्टाच्या कामाला बेळगावला गेलो होतो. परत येईपर्यंत आमच्या हवालदाराने तिच्या गल्लीत चौकशी उरकली होती.

"किती घरी विचारलंस?"

"चार-पाच. पण गुप्तच विचारलं साहेब. परत्येकाला सांगून आलोय, कुणापाशी बोलू नका म्हणून."

त्यावर मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. मुलगी म्हणाली, "आई गेल्यावर मला झोप लागत न्हवती. मिरजेला वर्षभर उपचार घेतले. निवडीच्या मेडिकलला त्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः सांगितलंय. त्यांनी पास केलं. गल्लीला कशाला कळाय पाहिजे होतं साहेब?"

घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग घरावर राग कुणाचा आहे, ते विचारलं. वडील म्हणाले, एका व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं, पोरीनं नकार दिला.

मी बाजारात भाजी विकून शिकलेला माणूस. समोरचा आकडा सांगत नसेल तर आपण चुकीचा सांगावा. दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. व्यापाऱ्याला बोलावून चहा दिला आणि म्हटलं, "आप्पा, ती पोरगी बेळगावात तीन वर्षं दवाखान्यात होती म्हणे."

"बेळगाव न्हवं हो, मिरज. आणि एकच वर्ष."

"मग फोनवर एवढं नीट का नाही सांगितलंत?"

त्यानं कप बशीत आपटला. मग तोच माझ्यावर उखडला. "सोयरीक जमवताना चौकशी सगळीच करत्यात. तिथला कंपाउंडर आमच्या पाव्हण्यातला. तुम्ही न्हाय का केली गल्लीत चौकशी?"

त्याला सज्जड दम देऊन सोडला. मिरजेच्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या कंपाउंडरचं नाव सांगितलं. अहवालात गुन्हा, वर्तणूक आणि रहिवास एवढंच लिहिलं. आजार बघायला वैद्यकीय मंडळ आहे, पोलीस ठाणं नाही. माहिती दडवली म्हणून मला मेमो मिळाला आणि बढती माझ्या हाताखालच्याला. गल्लीत बोभाटा करणाऱ्या हवालदाराला कुणी काही विचारलं नाही. तो मेमो मला आजही खुपतो, पण तोच अहवाल मी पुन्हा लिहीन.

चोरीचा माल आम्ही पंचनामा करून परत देत होतो. गल्लीत गेलेली गोष्ट परत आणायचं कलम मला नोकरीभर सापडलं नाही.

पुढे मुलीचे वडील निपाणी स्टँडवर भेटले. "पोरगी रुजू झाली साहेब, तुमच्यामुळं."

"सणाला येते का?"

"न्हाय. आली की बायका विचारत्यात, आता बरं हाय का गं? आता मीच जातो तिकडं."